‘किती पट’ की ‘किती कमी’: सांगलीतील एका लघुप्रबंधाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगलीतील एका महाविद्यालयातील एम.ए. अर्थशास्त्राच्या लघुप्रबंधाचे आहे. मलेशियातील मलाय आणि चिनी कुटुंबांच्या आर्थिक स्थितीची तुलना हा त्याचा विषय होता आणि मी त्याचा मार्गदर्शक होतो. विद्यार्थिनीची आणि महाविद्यालयाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मलेशियाचे आकडे मात्र त्या देशाने जाहीर केलेले, जसेच्या तसे आहेत.

विद्यार्थिनी तासगाव तालुक्यातली. वडील सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार, त्यामुळे हळदीचे आणि बेदाण्याचे सौदे तिने लहानपणापासून पाहिलेले. तिचा मूळ विषय मलेशिया नव्हता. आपल्याच तालुक्यातील दोन समाजांच्या आर्थिक स्थितीची तुलना करायची, असे ठरवूनच ती माझ्याकडे आली होती. “गावात रोज ह्याच्यावरनंच भांडणं होतात, सर. कोण गरीब आणि कोण श्रीमंत, ते एकदा मोजून तरी बघू या,” हे तिचे पहिले वाक्य मला अजून आठवते, कारण त्यात खरी कळकळ होती आणि मी त्या दिवशी तिला नकार दिला.

नकाराला माझी दोन कारणे होती. आरक्षणाच्या प्रश्नावरून गावोगावी बैठका आणि मोर्चे चालू असताना प्रश्नावली घेऊन कुणी दारात गेले, तर उत्पन्नाचे उत्तर खऱ्या उत्पन्नावर बेतलेले राहत नाही. ते आकडे पुढे कुठे वापरले जातील या अंदाजावर बेतले जाते. दुसरे असे की, लहान गावात नाव न लिहिताही कुटुंब ओळखू येते. म्हणून मी तिला असा देश सुचवला, जिथे सरकार स्वतःच समुदायवार उत्पन्न मोजते, वर्षानुवर्षे प्रसिद्ध करते आणि जिथल्या आकड्यांशी आपल्यापैकी कुणाचे नाते नाही. निदान मला तसे वाटत होते.

मलेशियाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी. ब्रिटिश अमदानीत तिथे श्रमाची विभागणी जवळजवळ वंशावर झाली होती. मलाय लोक भातशेतीत आणि मासेमारीत, चिनी लोक कथलाच्या खाणींत आणि व्यापारात, भारतीय, त्यातही बहुसंख्य तमिळ, रबराच्या मळ्यांत. १९५७ साली मलाया स्वतंत्र झाला, १९६३ साली मलेशिया बनला, पण ही विभागणी टिकून राहिली. मे १९६९ च्या निवडणुकीनंतर १३ मे रोजी क्वालालंपूरमध्ये दंगल उसळली; सरकारी नोंदीनुसार तीत १९६ माणसे मेली. त्यानंतर १९७१ साली नवे आर्थिक धोरण आले. त्याची उद्दिष्टे दोन होती: वंश न पाहता दारिद्र्य निर्मूलन करायचे, आणि अमुक धंदा म्हणजे अमुक वंश हे समीकरण मोडायचे. कंपन्यांच्या भागभांडवलात भूमिपुत्रांचा वाटा १९९० पर्यंत ३० टक्क्यांवर न्यायचा, हे त्या धोरणाचे सर्वांत गाजलेले लक्ष्य.

‘भूमिपुत्र’ हा शब्द तिथेही हाच आहे, संस्कृतातून गेलेला. आपल्याकडे त्याला राजकारणाचा जो वास आहे, तो तिथे कायद्याचा आहे, एवढाच फरक. या शब्दाने पुढे आम्हाला बरेच अडवले.

अडचण

डिसेंबरमधील विभागाच्या चर्चासत्रात विद्यार्थिनीने पहिला मसुदा मांडला. तिचा मुख्य तक्ता दोन ओळींचा होता. १९७० मध्ये मलाय कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १७२ रिंगिट (रिंगिट हे मलेशियाचे चलन) आणि चिनी कुटुंबाचे ३९४ रिंगिट, म्हणजे २.२९ पट. २०१९ मध्ये भूमिपुत्र कुटुंबाचे ७,०९३ आणि चिनी कुटुंबाचे ९,८९५, म्हणजे सुमारे १.४० पट. खाली निष्कर्ष होता: ‘दोन समुदायांतील आर्थिक दरी मोठ्या प्रमाणात कमी झाली आहे.’

एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला की, हा राखीव धोरणाच्या यशाचा पुरावा आहे, आणि आपल्याकडेही हेच व्हायला हवे. दुसऱ्याने त्याच तक्त्यावर बोट ठेवून वजाबाकी केली. १९७० मध्ये फरक २२२ रिंगिट होता, २०१९ मध्ये तो २,८०२ झाला. मग दरी कमी झाली की वाढली? महागाई वजा केली तरी तो फरक वाढलेलाच राहतो, हे त्याचे म्हणणे बरोबर होते. पहिल्याचा भागाकारही बरोबर होता. पुढच्या दहा मिनिटांत मलेशिया बाजूला पडला आणि वाद आपल्या गावांवर आला. आवाज चढले. विद्यार्थिनी कागद गोळा करून खाली बसली.

त्या गोंधळात एका सहकारी प्राध्यापिकेने शांतपणे एक प्रश्न विचारला होता. १९७० च्या ओळीत ‘मलाय’ लिहिले आहे आणि २०१९ च्या ओळीत ‘भूमिपुत्र’. ही दोन्ही माणसे एकच आहेत का? त्या दिवशी तो प्रश्न कुणालाच ऐकू गेला नाही, मलाही नाही. घरी गेल्यावर तो आठवला, आणि तेव्हा लक्षात आले की आपण ज्याला निष्कर्ष म्हणत होतो त्याचा पायाच तपासलेला नव्हता. मी तो तक्ता चर्चासत्राआधी दोनदा पाहिला होता. माझ्या नजरेतून ही गोष्ट सुटली, हे इथे स्पष्ट लिहायला हवे.

विचारात घेतलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी आम्ही तीन पर्याय मांडले. पहिला, विषयच बदलायचा. हळदीच्या भावातील चढउतारांवर तिच्याकडे आयते साहित्य होते, वडिलांच्या ओळखीने आणखी मिळाले असते आणि मार्चअखेरची मुदतही गाठता आली असती. दुसरा, आकडे ठेवायचे आणि निष्कर्ष गाळायचा. हा पर्याय दिसायला तटस्थ होता, पण मला तो प्रामाणिक वाटला नाही, कारण कोणता आकडा तक्त्यात घ्यायचा हे ठरवतानाच निम्मा निष्कर्ष निघालेला असतो. तिसरा, प्रत्येक आकडा कुणाचा, कशाचा आणि कुठल्या हद्दीतला हे तपासून लघुप्रबंध नव्याने बांधायचा. याला वेळ लागणार होता आणि मुदत हुकण्याची शक्यता उघड होती.

तिसरा पर्याय तिने निवडला. तो मी तिला सुचवला होता हे खरे आहे, आणि त्याची किंमत तिला मोजावी लागणार होती, मला नाही. मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्यातील हा असमतोल निर्णयाच्या क्षणी मी तिला पुरेसा बोलून दाखवला नाही.

काय केले

सुरुवात त्या राहून गेलेल्या प्रश्नापासून केली. १९७० चे आकडे फक्त द्वीपकल्पीय मलेशियाचे होते. २०१९ चे आकडे संपूर्ण देशाचे होते आणि त्यातील ‘भूमिपुत्र’ या गटात मलायांबरोबर बोर्निओ बेटावरील साबा आणि सारावाक या राज्यांतील मूळ रहिवासी समाजही येतात. दारिद्र्याच्या प्रमाणात साबा हे मलेशियातील सर्वांत गरीब राज्य. २०१९ मध्ये तिथले दारिद्र्याचे प्रमाण १९.५ टक्के होते, तर देशाचे ५.६ टक्के. म्हणजे दुसऱ्या ओळीतील गट पहिल्या ओळीतील गटापेक्षा वेगळा आणि अधिक संमिश्र होता. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून भागाकार करणे म्हणजे तासगावच्या एका वर्षाच्या बेदाण्याची दुसऱ्या वर्षाच्या अख्ख्या जिल्ह्याच्या बेदाण्याशी तुलना करण्यासारखे होते. आम्ही दोन्ही आकडे ठेवले, पण त्यांच्यामध्ये आडवी रेघ मारली आणि हद्द व गट यांचे दोन स्वतंत्र स्तंभ जोडले.

यानंतर सरासरीचा प्रश्न आला, आणि इथे विद्यार्थिनीनेच मला शिकवले. मी तिला सरासरी आणि मध्यक (सगळी उत्पन्ने चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे उत्पन्न) यांतील फरक पुस्तकी भाषेत समजावत होतो. ती म्हणाली, “सर, यार्डात सरासरी कुणी विचारत नाही. किमान काय, कमाल काय आणि सर्वसाधारण काय निघाला, एवढंच विचारतात.” मग तिने वहीच्या मागच्या पानावर पाच ढीग काढले. समजा, राजापुरी हळदीचे चार ढीग क्विंटलला १४,००० रुपयांनी गेले आणि एक निवडक ढीग २४,००० ला गेला. सरासरी येते १६,०००. पण त्या दिवशी १६,००० ने एकही ढीग विकला गेलेला नाही, आणि तो भाव वर्तमानपत्रात वाचून गाडी भरून आलेला शेतकरी फसतो. बाजार समितीच्या पत्रकात ‘सर्वसाधारण दर’ हा रकाना का असतो, हे मी इतकी वर्षे शिकवत असूनही इतके स्वच्छ कधी सांगितले नव्हते.

२०१९ चे मध्यक उत्पन्न भूमिपुत्र कुटुंबांसाठी ५,४२० आणि चिनी कुटुंबांसाठी ७,३९१ रिंगिट होते. त्यावरून पट येते १.३६, आणि फरक २,८०२ वरून १,९७१ वर येतो. म्हणजे सरासरीत दिसणाऱ्या फरकाचा एक भाग वरच्या थरातल्या मोजक्या कुटुंबांमुळे येत होता. त्याच वर्षाचे राज्यवार आकडे शेजारी ठेवल्यावर चित्र आणखी बदलले. केलांतान राज्यातील मध्यक कुटुंब ३,५६३ रिंगिट मिळवत होते आणि क्वालालंपूरमधील १०,५४९, म्हणजे जवळजवळ तिप्पट. समुदायांतील फरकापेक्षा ठिकाणातील फरक कितीतरी मोठा होता. अर्थात हे दोन फरक एकमेकांत गुंतलेले आहेत, कारण केलांतानमध्ये बहुतेक वस्ती मलायांची आहे आणि चिनी कुटुंबे मोठ्या प्रमाणात शहरांत राहतात. पण एखादे मलाय कुटुंब गरीब आहे ते मलाय असल्यामुळे की केलांतानमध्ये असल्यामुळे, हा प्रश्न निदान विचारता येऊ लागला.

कुटुंब हे एकक धरायचे की माणूस, यावर आमचा एक आठवडा गेला. मलाय कुटुंबे साधारणपणे चिनी कुटुंबांहून मोठी असतात. समजा, दोन घरांत ६,००० रिंगिटच येतात, पण एका घरात खाणारी तोंडे पाच आणि दुसऱ्यात तीन. तर माणशी १,२०० आणि २,००० असा फरक पडतो. याचा अर्थ कुटुंबाच्या आकड्यांवरून काढलेली १.३६ पट ही माणसांमधील तफावत कमी दाखवते. हे वाचून चर्चासत्रातला पहिला विद्यार्थी नाराज होईल आणि केलांतानचा आकडा वाचून दुसरा, असे ती हसत म्हणाली. मला तेव्हा पहिल्यांदा वाटले की काम मार्गावर आले आहे.

दारिद्र्याच्या आकड्याने आम्हाला जवळजवळ फसवलेच होते. मसुद्यात एके ठिकाणी लिहिले होते की, १९७० मध्ये द्वीपकल्पात ४९.३ टक्के कुटुंबे दरिद्री होती आणि २०१६ मध्ये देशात फक्त ०.४ टक्के उरली. दोन्ही आकडे अधिकृत होते. पण ०.४ हा आकडा महिना ९८० रिंगिट या जुन्या दारिद्र्यरेषेवरचा होता. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधीने त्या रेषेवर जाहीर टीका केली, आणि पुढच्या वर्षी मलेशियाने रेषा २,२०८ रिंगिटवर नेली. नव्या पद्धतीने २०१६ चेच प्रमाण ७.६ टक्के निघाले. वर्ष एकच, माणसे तीच. रेषा सरकली आणि गरिबांची संख्या एकोणीस पट झाली.

सर्वांत अवघड निर्णय मालमत्तेचा होता. उत्पन्न हा वाहता प्रवाह आहे. पिढ्यांचे स्वास्थ्य साठ्यावर ठरते, आणि नव्या आर्थिक धोरणाचे ३० टक्क्यांचे लक्ष्य साठ्याबद्दलच होते. १९७० मध्ये कंपन्यांच्या भागभांडवलात भूमिपुत्रांचा वाटा २.४ टक्के होता. १९९० मध्ये तो १९.३ टक्के झाला, म्हणजे लक्ष्य हुकले. २००४ साठी सरकारी आकडा १८.९ टक्के होता. २००६ साली तिथल्याच एका संशोधन संस्थेने तो वाटा ४५ टक्के असल्याचे मांडले. मोठे वादळ उठले, संस्थेने अहवाल मागे घेतला आणि तो अहवाल तयार करणाऱ्या तिच्या केंद्राच्या संचालकांनी राजीनामा दिला. दोन्ही बाजूंचे गणित तपासले, तर बेरीज कुणाचीच चुकलेली नव्हती. सरकारने नोंदणी झालेल्या सर्व कंपन्यांचे भाग त्यांच्या दर्शनी, म्हणजे भागावर छापलेल्या मूल्याने मोजले होते. संस्थेने शेअर बाजारातील कंपन्या बाजारमूल्याने मोजल्या होत्या आणि सरकारशी संलग्न कंपन्यांतील मोठा हिस्सा भूमिपुत्रांच्या खात्यावर धरला होता. विहीर काढण्याचा खर्च लिहायचा की आज त्या विहिरीसकट रान विकले तर काय येईल ते लिहायचे, असा तो भेद आहे. आणि सरकारच्या ताब्यातील कंपनी ही ‘समाजाची’ मालमत्ता मानायची का, हा प्रश्न तर आकडेमोडीने सुटणाराच नाही.

मी सुचवले की दोहोंपैकी एक आकडा निवडावा आणि कारण द्यावे. विद्यार्थिनीने ते मानले नाही. दोन्ही आकडे, दोन्हींची व्याख्या, आणि कोणत्या प्रश्नासाठी कोणता उपयोगी, हे तिने तीन पानांत लिहिले. ती बरोबर होती.

निष्पत्ती

मार्चअखेरची मुदत हुकली. लघुप्रबंध पुढच्या सत्रात सादर झाला, निकाल उशिरा लागला, आणि ज्या खासगी महाविद्यालयात तिला तासिका तत्त्वावर शिकवण्याची संधी मिळण्यासारखी होती ती दुसऱ्या कुणाला मिळाली. तिच्या वडिलांनी मला एकदा यार्डात गाठून विचारले, “सर, तिचं काम चांगलं व्हतंय म्हणता, मग येळ का लागतोय?” मी काय उत्तर दिले ते मला नीट आठवत नाही, त्यांचे समाधान झाले नव्हते, हे आठवते.

मौखिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी एकच प्रश्न लावून धरला. १९७० नंतर मलेशियाची अर्थव्यवस्थाच झपाट्याने वाढली. तेल, पामतेल आणि १९७२ पासून पेनांगच्या मुक्त व्यापार क्षेत्रातील इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने यांनी खेड्यातल्या मलाय मुलामुलींना पगारी कामे दिली. मग तफावत घटली त्यात धोरणाचा वाटा किती आणि वाढीचा किती? विद्यार्थिनीने सांगितले की, तिच्या तक्त्यांतून हे वेगळे काढता येत नाही, कारण धोरणाशिवायचा मलेशिया तुलनेसाठी उपलब्ध नाही, आणि म्हणून तिने ‘धोरणामुळे’ हा शब्द संपूर्ण लघुप्रबंधात कुठेही वापरलेला नाही. परीक्षकांनी पाने चाळून खात्री केली. श्रेणी चांगली मिळाली.

अंतिम मजकुरात निष्कर्षाचे वाक्य पुढीलप्रमाणे होते: ‘२०१९ मध्ये, संपूर्ण मलेशियात, नागरिकांच्या कुटुंबांचा विचार करता, मध्यक चिनी कुटुंबाचे मासिक उत्पन्न मध्यक भूमिपुत्र कुटुंबाच्या १.३६ पट होते. कुटुंबाचा आकार हिशेबात घेतल्यास माणशी तफावत याहून अधिक निघेल.’ वाक्य लांब आहे आणि घोषणेला उपयोगी नाही. चर्चासत्रातल्या त्याच दोन विद्यार्थ्यांना ते वाचायला दिले, तेव्हा त्यांनी प्रश्न विचारले, पण या वेळी ते मलेशियाविषयी होते.

वेगळे काय करता आले असते

माझी पहिली चूक क्रमाची होती. तक्ता करण्याआधी व्याख्या लिहून घ्यायला हव्या होत्या. समुदाय कोणता, हद्द कोणती, एकक कुटुंब की माणूस, मोजायचे उत्पन्न की मालमत्ता, तुलना पटीत की फरकात, हे सप्टेंबरमध्ये एका पानावर ठरले असते, तर डिसेंबरचे चर्चासत्र वेगळे झाले असते आणि बहुधा मुदतही पाळली गेली असती.

दुसरी उणीव अजून सलते. ‘दोन समुदाय’ हा साचा आम्ही शेवटपर्यंत सोडला नाही. मलेशियातील भारतीय कुटुंबांचे आकडे त्याच अहवालात, त्याच पानावर होते: २०१९ मध्ये सरासरी ८,२१६ आणि मध्यक ५,९८१ रिंगिट. ते दोघांच्या मध्ये बसतात, आणि दोघांच्या भांडणात त्यांच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. रबराच्या मळ्यांचे तुकडे होऊन विकले गेले, तेव्हा घर आणि काम दोन्ही गमावलेली तमिळ कुटुंबे या मध्यकात दिसतसुद्धा नाहीत. एक स्तंभ वाढवायला अर्धा तास पुरला असता. समुदायाच्या आत असलेली विषमता समुदायांमधील विषमतेपेक्षा मोठी असते, हे मलेशियाबद्दल अभ्यासकांनी वारंवार दाखवलेले आहे. त्यालाही आम्ही फक्त एक परिच्छेद दिला.

स्थानिक विषय नाकारण्याच्या माझ्या निर्णयाबद्दल माझे मत आता दुभंगलेले आहे. परका देश निवडला म्हणजे डोके शांत राहील, ही माझी अटकळ चर्चासत्राच्या पहिल्या दहा मिनिटांतच खोटी ठरली. माणसे आपापल्या गावाचा प्रश्न खिशात घेऊनच बसलेली होती. उलट परक्या आकड्यांवर हात बसला म्हणून तिला हत्यारे तरी नीट धरता आली, हेही खरे. मोर्चांच्या त्या महिन्यांत प्रश्नावली घेऊन तिला गावात पाठवायला नको होते, यावर मी आजही ठाम आहे. पण ‘आत्ता नको’ आणि ‘नको’ यांत फरक असतो, आणि मी तिला नुसते ‘नको’ म्हटले होते.

गेल्या दिवाळीत ती भेटायला आली, तेव्हा तिच्या पिशवीत एक प्रश्नावली होती, तिच्या तालुक्यासाठी स्वतःच तयार केलेली. तीत जातीचा रकाना सर्वांत शेवटी होता. पहिला प्रश्न होता, घरात जेवणारी माणसे किती. दुसरा, त्यांपैकी बाहेरगावी राहून पैसे पाठवणारी किती. तिसरा, पिण्याचे पाणी मे महिन्यात कुठून आणता. उत्पन्नाचा प्रश्न अकरावा होता. मी पेन्सिलीने दोन ठिकाणी खुणा केल्या आणि कागद तिला परत दिला.